सुगंधाची भूल

गेल्या पावसाळ्यात, आषाढातल्या एका ओल्या संध्याकाळी, मिस्सा आटोपून आम्ही आमच्या धर्मग्रामातील एका घरी गेलो. दहा महिन्यांचे बाळ आजारी होते आणि त्याच्या आजीने प्रार्थनेसाठी निरोप धाडला होता. आमच्याबरोबर एक वयस्क सिस्टर होत्या. परिचारिका म्हणून त्यांनी आयुष्य वेचलेले, आता निवृत्त. दारातच वासाने आमचे स्वागत केले. निलगिरी, पुदिना, कापूर आणि त्यांत मिसळलेला आणखी कसला तरी गोडसर दर्प. पावसामुळे खिडक्या घट्ट लावलेल्या. कोपऱ्यात विजेवर चालणारे एक छोटे यंत्र निळ्या उजेडात धुके सोडीत बसलेले. बाळाच्या छातीस, पाठीस, टाळूस आणि तळपायांस तेल चोळून वर लोकरीचे मोजे चढवलेले. आजी समाधानाने म्हणाल्या, "तीन दिवस तेलच चाललंय, फादर. सर्दी अगदी मोकळी झालीय. आज तर रडतसुद्धा नाही."

बाळ रडत नव्हते हे खरे होते. ते दूधही ओढत नव्हते, आणि आईच्या खांद्यावर ओल्या फडक्यासारखे पडून होते. आम्ही स्टोला गळ्यात घातला, प्रार्थनेचे पुस्तक उघडले. तेवढ्यात सिस्टर पुढे झाल्या. "बाय, झबलं जरा वर कर," असे त्यांनी बाळाच्या आईला सांगितले आणि हातातले घड्याळ समोर धरून त्या गप्प उभ्या राहिल्या. पूर्ण एक मिनिट. घरातील सारी माणसे आमच्याकडे पाहत होती, जणू आम्हीच त्यांना आवरावे. बाळाच्या बरगड्यांखालचा भाग प्रत्येक श्वासाबरोबर आत ओढला जात होता. एवढे आमच्यासारख्या अडाण्यासही दिसले. "चौसष्ट," सिस्टर म्हणाल्या. "फादर, प्रार्थना रिक्षात करू."

न्यूमोनिया होता. प्राणवायू लावावा लागला. आठ दिवस रुग्णालयात गेले. बाळ बरे होऊन घरी आले, म्हणूनच या विषयावर वाद घालण्याचा आम्हांस अधिकार वाटतो. तसे झाले नसते, तर त्या घराच्या दाराशी वाद घेऊन जाणे क्रूरपणाचे ठरले असते.

वाद कोणाशी घालायचा, हेही आधीच सांगून टाकू. त्या आजीशी नाही, त्या आईशीही नाही. 'निसर्गाचे ते निरुपद्रवी' या समजुतीशी आमचे भांडण आहे. त्या समजुतीवर घरोघर दुकान थाटणाऱ्यांशी आहे. आणि थोडेसे स्वतःशीही आहे. कारण ज्या बाटल्या त्या खोलीत ओळीने मांडलेल्या आम्ही पाहिल्या, त्या आमच्याच चर्चच्या आवारातून गेलेल्या होत्या. फेस्तच्या दिवशी मंडपाच्या कोपऱ्यात त्यांचे टेबल लागले होते. सभागृहाच्या गळक्या छपरासाठी आम्ही त्यांची देणगी घेतली होती आणि ध्वनिक्षेपकावरून आभारही मानले होते.

या व्यवसायाचे पहिले यश 'तेल' या शब्दात आहे. तेल म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे खोबरेल येते, तिळाचे तेल येते. बाळाची टाळू भरणारी सुईण येते. आपल्या लेकरांची कातडी तेलातच वाढली आहे. परंतु शास्त्रात ज्यांना बाष्पनशील तेले म्हणतात आणि बाजारात ज्यांना हल्ली 'एसेन्शियल ऑइल' असे भारदस्त नाव मिळाले आहे, ती या जातीची नव्हेत. दोन कागदांवर एकेक थेंब टाकून पाहावे. खोबरेलाचा डाग उद्यापर्यंत राहील. निलगिरीचा थेंब थोड्या वेळाने उडून गेलेला असेल. एक खाण्याचे व अंगाला चोळण्याचे स्निग्ध द्रव्य आहे, तर दुसरा वनस्पतीचा उडून जाणारा कडक अर्क आहे. दोघांना एक नाव पडले, आणि एकाची पुण्याई दुसऱ्याच्या खात्यावर जमा झाली.

हा अर्क किती कडक असतो, याचा हिशेब कोणी करीत नाही. निलगिरीचा शंभर किलो पाला वाफेवर चढवला की साधारण एक ते दोन किलो तेल हाती येते. म्हणजे औषधाच्या एका चमच्यात, पाच मिलिलिटरांत, पाव ते अर्धा किलो पाल्याचा कस उतरलेला असतो. कोणती आई तान्ह्या बाळाला अर्धा किलो पाला वाटून देईल? चमचाभर तेल मात्र सहज जवळ ठेवले जाते, तेही अनेकदा खोकल्याच्या औषधाशेजारी, त्याच उंचीच्या तपकिरी बाटलीत. आमच्या आधीच्या धर्मग्रामात एका रात्री वीज गेली असता एका आजोबांनी नातवाला खोकल्याचे औषध म्हणून निलगिरीच पाजली. तीन वर्षांचे मूल पंधरा-वीस मिनिटांत झोकांड्या खाऊ लागले आणि मग त्याला आकडी आली. घरच्यांनी मिठाचे पाणी पाजून ओकारी काढण्याचा खटाटोप केला. तोच सर्वांत वाईट उपाय होता, हे डॉक्टरांनी नंतर सांगितले. कारण ओकारीबरोबर हे तेल श्वासनलिकेत शिरले की फुफ्फुसे होरपळतात. ते मूल आज कॉलेजात आहे. आजोबा वारले, परंतु शेवटच्या दिवसांपर्यंत त्यांनी त्या नातवाला स्वतःच्या हाताने पाण्याचा पेलाही दिला नाही.

कापराची कथा याहून गंभीर आहे. लहान मुलाला एक ग्रॅमच्या आसपास कापूरही प्राणघातक ठरू शकतो, आणि पोटात गेल्यावर काही मिनिटांतच आकडी येऊ शकते. तो कातडीतून शोषला जातो. तान्ह्या बाळाची कातडी पातळ आणि वजनाच्या मानाने तिचे क्षेत्रफळ मोठे, म्हणून नुसत्या चोळण्यानेही बाळांना आकडी आल्याच्या नोंदी आहेत. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९७८ साली आणि पुन्हा १९९४ साली याविषयी सावधगिरीचा इशारा दिला. तेथे कापूर घातलेले तेल एरंडेल समजून मुलांना पाजले जाण्याचे प्रकार इतके घडले की १९८०च्या दशकाच्या आरंभी ते तेलच बाजारातून हद्दपार करावे लागले. आपल्याकडे २०२०च्या महामारीत कापूर-ओव्याच्या पुरचुंड्या गळ्यात बांधून मुले घरभर हिंडत होती. आणि ज्या कापराच्या 'नैसर्गिक'पणाचे एवढे गोडवे गायले जातात, त्यातील बहुतेक कापूर टर्पेंटाइनपासून कारखान्यात तयार होतो, हे किती जणांस ठाऊक आहे?

हे सारे परदेशी लोकांचे भय आहे, असे म्हणणाऱ्यांस आम्ही बेंगळुरूला नेतो. तेथील सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालय हे आपल्या देशातील बिशपांच्या परिषदेच्या छत्राखाली चालणारे महाविद्यालय. तेथील मज्जातंतुतज्ज्ञांच्या ध्यानात आले की आकडी येऊन दाखल झालेल्या काही रुग्णांत दुसरे कोणतेही कारण सापडत नाही; मात्र आदल्या काही मिनिटांत त्यांनी निलगिरीचा वास घेतलेला असतो अथवा कापराचे मलम चोळलेले असते. २०१७ साली त्यांनी याविषयी प्रथम लिहिले. पुढे दक्षिणेतील चार रुग्णालयांत पाहणी झाली. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत आकडीच्या ३५० रुग्णांपैकी ५५ जणांच्या बाबतीत अशा तेलांचा संबंध आढळला. ही सारी माणसे प्रौढ होती, हे मुद्दाम सांगावयास हवे. आमच्या बाजूचा पुरावा आम्ही फुगवू इच्छीत नाही. पण साठ किलोच्या माणसाचा मेंदू ज्याने डहुळतो, ते आठ किलोच्या बाळाच्या उशाशी रात्रभर धुमसत ठेवावे काय, एवढाच प्रश्न आम्ही विचारतो.

लवंगेचे तेल दात येणाऱ्या हिरड्यांवर लावतात. ते गिळल्याने मुलांच्या यकृतास गंभीर इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत. पुदिन्याच्या फुलाचे मलम तान्ह्याच्या नाकपुड्यांत लावल्यास स्वरयंत्र एकाएकी आवळून श्वास कोंडू शकतो. ही यादी आम्ही लांबवीत नाही, कारण विष हा आमच्या तक्रारीचा अर्धाच भाग आहे. त्या पावसाळी संध्याकाळी त्या बाळाला विषबाधा झालीच नव्हती. त्याचे तीन दिवस गेले होते, आणि ते सुगंधाने नेले होते.

हे कसे घडते, ते समजून घेण्यासारखे आहे. पुदिन्याचा अर्क नाकात शिरला की थंडी जाणवणाऱ्या नसा चेतवल्या जातात आणि नाक एकदम मोकळे झाल्यासारखे वाटते. 'वाटते' हा शब्द आम्ही जपून वापरला आहे. ब्रिटनमध्ये कार्डिफ येथील संशोधकांनी १९८०च्या दशकात नाकातून जाणारी हवा यंत्राने मोजून पाहिली. माणसे म्हणत होती, नाक उघडले. यंत्र म्हणत होते, पूर्वीइतकेच बंद आहे. प्रौढ माणसाला सर्दीत एवढा दिलासा पुरतो, आणि त्याबद्दल आमची तक्रार नाही. आम्हीही डोके दुखले की कपाळाला बाम चोळतो. परंतु आजारी बाळाच्या खोलीत हा दिलासा मिळतो कोणाला? आईला, आजीला, वडिलांना. त्यांची नाके मोकळी होतात आणि त्यांना वाटते, बाळाची छाती मोकळी झाली. वास दरवळतो आहे, म्हणजे काहीतरी चालू आहे. उपचार होत आहे. खोली औषधासारखी वासते, म्हणून बाळाकडे पाहण्याची घाई राहत नाही. बाळ थकून गप्प झाले की त्याला 'शांत झोप लागली' म्हणतात.

आम्ही अनेक आजारी घरांत गेलो आहोत. आईबापांना सर्वांत असह्य होते ते हात जोडून बसणे. साध्या सर्दीला खरे म्हणजे काहीच लागत नाही. अंगावरचे दूध, ऊब, चोंदलेल्या नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब, वर्षावरच्या मुलाला चाटणभर मध आणि पाच-सात दिवसांचा धीर. वर्षाच्या आतल्या बाळाला मधही द्यावयाचा नाही. यातला धीर बाजारात विकत मिळत नाही, म्हणून त्याच्या जागी बाटली येते. वस्तुतः ते औषध पालकांच्या अस्वस्थतेवरचे असते, फक्त चोळले जाते बाळाला.

येथे आमचे एक विद्वान मित्र आम्हांस अडवतात. ते म्हणतात, "फादर, आपल्या आज्यांनी हेच केले. त्यांची मुले जगली नाहीत काय?" या युक्तिवादाला टाळ्या हमखास मिळतात, म्हणून त्याचे उत्तर जरा सविस्तर देतो. एक तर, आज्यांनी हे केले नाही. आजी तव्यावर ओवा गरम करून फडक्यात बांधीत असे आणि त्याने छाती शेकीत असे. अडुळशाची चार पाने, तुळशीची मूठभर पाने ती भांडेभर पाण्यात उकळीत असे. वीस-वीस वासांच्या बाटल्यांची पेटी तिच्या कपाटात नव्हती. 'आरोमाथेरपी' हा शब्दच मुळी अत्तराच्या धंद्यातल्या रेने-मोरिस गातफोसे नावाच्या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने १९३७ साली पुस्तक लिहून रूढ केला. आजीच्या नावावर जी परंपरा विकली जात आहे, ती आजीला दाखवली असती तर तिने आधी किंमत विचारली असती आणि मग झाकण लावून परत दिली असती.

दुसरे असे की, आजीची मुले जगली का, हे आमच्याइतके कोणास ठाऊक नाही. आमच्या कार्यालयातील लोखंडी कपाटात जुन्या दफनविधींच्या नोंदवह्या आहेत. एखाद्या जिज्ञासूने येऊन त्या उघडाव्यात. वय महिने तीन. वय दिवस अकरा. वय वर्ष एक, महिने दोन. आषाढ-श्रावणाच्या पानांवर तर अशा नोंदी एकाखाली एक येतात. कधी एकाच आडनावाची दोन नावे एका आठवड्यात. ज्या आजीने पाच मुले वाढवली, ती आपल्याला आठवते. तिनेच तीन पुरली, ते फक्त वहीला आठवते. तिने हाताशी होते ते सारे केले. तिच्याजवळ प्राणवायूची नळी नव्हती, प्रतिजैविके नव्हती, न्यूमोनियाची लस नव्हती. आपल्याजवळ ती आहेत. घरापासून रिक्षाच्या अंतरावर ती असताना आपण आजीचे दारिद्र्य हौसेने मांडून बसावे, हा तिचा सन्मान नव्हे.

आता विक्रेत्यांविषयी. बाटलीवर काय छापले आहे, ते भिंग घेऊन वाचावे. बाह्य वापरासाठी, मुलांपासून दूर ठेवा, पोटात घेऊ नका. छापील मजकूर कायद्याला घाबरतो. परंतु विक्री छापील मजकुरावर होत नाही. ती मिस्सेनंतर चर्चच्या पायऱ्यांवर, बचत गटाच्या बैठकीत, बारशाच्या जेवणात तोंडी होते. "माझ्या भाचीचा दमा यानेच गेला." "अँटिबायोटिक बंदच करून टाकलं आम्ही." "दोन थेंब दुधात द्यायचे, काही होत नाही." जे बाटलीवर छापण्याची कंपनीची हिंमत नाही, ते आमच्या भगिनीच्या तोंडून वदवून घेतले जाते. भगिनी खोटे बोलत नाही. तिला तसे शिकवलेले असते, तिचा त्यावर विश्वास असतो, आणि तिने स्वतःच्या पैशांनी माल भरून ठेवलेला असतो. शेजारीण, मावशी, जाऊ या नात्यांवर वर्षानुवर्षे साठलेला विश्वास येथे बाटलीमागे काही रुपयांना मोडून विकला जातो. उद्या काही बरेवाईट झाले, तर कंपनी लेबलाकडे बोट दाखवील. भगिनी कोठे बोट दाखवणार?

याहून आम्हांस जे अधिक लागले, ते सांगतो. अशाच एका भगिनीने आम्हांस बायबल उघडून दाखवले. बेन सिराच्या ग्रंथातील ३८वा अध्याय. प्रभूने औषधे भूमीतून उत्पन्न केली आणि शहाणा माणूस त्यांचा अव्हेर करीत नाही, या आशयाचे वचन तिने पेन्सिलीने अधोरेखित केले होते. आम्हांस आनंद झाला, कारण हा ग्रंथ आपल्या कॅथोलिक बायबलातला, आणि तो उघडणारी माणसे थोडी. मग आम्ही तिला तेच पान पुढे वाचावयास सांगितले. अध्यायाचा आरंभच वैद्याचा मान राखा असा आहे. आणि पुढे, प्रार्थना व अर्पण झाल्यावर वैद्यालाही जागा द्या, त्याला दूर जाऊ देऊ नका, असा त्याचा उपदेश आहे. चौथे वचन अधोरेखित करायचे आणि बारावे झाकायचे, हे शास्त्रवाचन नव्हे.

तेलाशी आपल्या ख्रिस्तसभेचे नाते जुने आहे, म्हणून येथे घोटाळा लवकर होतो. पवित्र आठवड्यात बिशप तेले आशीर्वादित करतात. त्यांतल्या क्रिझममध्ये सुगंधी बाल्सम मिसळतात. आजाऱ्यांच्या तैलाभ्यंगासाठी ऑलिव्हचेच तेल हवे असेही आता नाही. १९७२ साली पोप सहावे पॉल यांनी दुसरे वनस्पतिज तेलही चालेल असे ठरवून दिले. यावरून कोणी म्हणेल, मग निलगिरीने काय पाप केले? परंतु त्या संस्कारातले तेल औषध म्हणून लावले जात नाही, आणि जो संस्कार घेतो त्याला डॉक्टरकडे जाऊ नकोस असे आजवर कोणत्याही धर्मगुरूने सांगितल्याचे आमच्या ऐकिवात नाही. शिवाय तो संस्कार समज आलेल्यांसाठी आहे. दहा महिन्यांच्या बाळाला आम्ही तो देत नाही. त्याच्यासाठी प्रार्थना आणि आशीर्वाद असतो. तरीही तेलाच्या बाटल्या घेऊन 'फादर, यावर हात ठेवा' म्हणणारी माणसे आमच्याकडे येतात. मागे आम्ही ठेवला. यापुढे ठेवणार नाही.

चांगल्या शोमरोनी माणसाने जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, हे लूकच्या शुभवर्तमानातले सर्वांना पाठ असते. पुढचे वाक्य विसरले जाते. त्याने त्या माणसाला स्वतःच्या जनावरावर बसवले, उतारशाळेत नेले, दुसऱ्या दिवशी दोन दिनार मोजून दिले आणि अधिक खर्च झाला तर परत येताना देईन असे सांगितले. तो तेलापाशी थांबला असता, तर ती कथा सांगण्याचे कारण उरले नसते.

डॉक्टरांच्या बाजूने वकीलपत्र घेण्याचा आमचा मानस नाही. प्रत्येक शिंकेला प्रतिजैविक लिहून देणारे, पाच मिनिटांत पाचशे रुपये घेणारे, प्रश्न विचारणाऱ्या आईला 'डॉक्टर तुम्ही की मी?' म्हणून गप्प बसवणारे आम्हीही पाहिले आहेत. तेलाची बाटली विकणारी भगिनी त्या आईजवळ तासभर बसते, तिचे ऐकून घेते. आमच्या डॉक्टर वाचकांनी यावर विचार करावा. त्या बाटलीचा अर्धा खप त्यांच्या घाईने झाला आहे. परंतु वाईट डॉक्टरला उतारा म्हणजे बरा डॉक्टर. त्याच्या जागी अत्तर येऊ शकत नाही.

आणि घरातल्या घरात काहीतरी करायचेच असेल, तर सिस्टरांनी केले ते करावे. घड्याळ घ्यावे. बाळ शांत असताना त्याचे झबले वर करून पोटाची हालचाल पूर्ण एक मिनिट मोजावी. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास मिनिटाला साठ वा अधिक, दोन महिन्यांपासून वर्षापर्यंतच्या बाळाचे पन्नास वा अधिक, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे चाळीस वा अधिक असतील तर वाट पाहू नये. बरगड्यांखाली छाती आत ओढली जात असेल, मूल दूध वा पाणी घेत नसेल, उठवून उठत नसेल, आकडी आली असेल, तर मोजण्यातही वेळ घालवू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल ते वाहन करावे. दोन महिन्यांच्या आतील बाळाला ताप असेल तर तोही रात्रभर घरी ठेवू नये. एखाद्या मुलाने यांपैकी कोणतेही तेल गिळले असेल तर ओकारी काढू नये, बाटली बरोबर घ्यावी आणि सरळ रुग्णालय गाठावे. या मोजदादीला एक पैसा लागत नाही आणि तिला कसलाही वास नाही.

यंदाच्या फेस्तच्या तयारीच्या बैठकीत टेबलाचा प्रश्न निघाला. आम्ही नाही म्हटले. खजिनदारांनी मागील वर्षीचा आकडा वाचून दाखवला आणि छपराची आठवण करून दिली; ते चुकीचे बोलत नव्हते. एका तरुण सभासदाने विचारले, मग मेणबत्त्या, स्कॅप्युलर आणि खाजे विकणाऱ्यांनाही नाही म्हणणार काय? खाज्याने आजवर कोणाचा दवाखाना चुकवल्याचे ऐकले नाही, असे आम्ही म्हटले. हशा झाला, पण दोन-तीन घरे त्या दिवसापासून आमच्यावर नाराज आहेत. त्यांपैकी एका घरात ती तेले विकणारी, त्या बाळाची आत्या राहते.

मागच्या पंधरवड्यात ती कार्यालयात आली. खुर्चीवर बसली नाही. पिशवीतून सील न तोडलेल्या चौदा बाटल्या काढून तिने टेबलावर ठेवल्या आणि म्हणाली, "घरी ठेवायला नको वाटतंय, फादर. वहिनी काही बोलत नाही, पण बाळाला माझ्याकडे देत नाही." पैसे परत मिळतील का, असे तिने कंपनीला विचारले होते. मुदत संपल्याचे उत्तर आले. आम्ही त्या बाटल्या दफननोंदींच्या कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून कुलूप लावले आहे. झाकणे घट्ट आहेत, तरी कपाट उघडले की वह्यांनाही आता तो वास येतो.